मृत्युपत्राच्या आधीची पानं

गेल्या महिन्यात नागपुरातल्या आमच्या लेआउटमधल्या ज्येष्ठ मंडळाच्या बैठकीत एक वाद झाला, तो अजून माझ्या डोक्यातून गेला नाही. निमित्त पेपरातली बातमी. बापाने घर पोराच्या नावावर करून दिलं आणि वर्षभरात पोराने बापाला बाहेर काढलं, अशी बातमी दर दोन-चार महिन्यांनी येतेच. चहा यायच्या आत दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणे शेवटच्या श्वासापर्यंत काही सोडायचं नाही, कपाटाची चावी कमरेला असली की पोट्टे आपोआप सेवा करतात. दुसरी म्हणे पोटच्या पोरांवर विश्वास नसेल तर संसार केला कशाला, द्या आणि मोकळे व्हा, संस्कार चांगले असले की कागद लागत नाही. दोन तास हेच, कोणाच्या भाच्याचं उदाहरण, कोणाच्या शेजाऱ्याचं, एका काकांना तर बोलता बोलता रडू आलं. आणि या दोन तासांत एकाही माणसाने हे विचारलं नाही की उद्या मला लकवा मारला, माझी वाचा गेली, तर दवाखान्याचं बिल कोणत्या खात्यातून जाईल आणि त्या चेकवर सही कोण करेल?

माझं मत आधीच सांगून टाकतो. घर कोणाला, हा मेल्यानंतरचा प्रश्न आहे. त्याच्या आधी पाच, दहा, कधी पंधरा वर्षं अशी येतात की माणूस जिवंत आहे पण जिना चढत नाही, बँकेत जात नाही, सही जुळत नाही, नातवाचं नाव आठवत नाही. या वर्षांत आपल्याला कोण बघणार, कुठे ठेवणार, पैसे कुठून येणार आणि आपल्या वतीने कोण बोलणार, हे आपण स्वतः शुद्धीत असताना कागदावर लिहून सगळ्यांसमोर सांगायला पाहिजे. मृत्युपत्र त्या वहीचं शेवटचं पान आहे आणि आपल्याकडे लोक एक तर वहीच उघडत नाहीत नाहीतर थेट शेवटच्या पानावरून भांडतात. आणि यात अविश्वासाचा काही संबंध नाही, उलट ज्या घरात मुलं चांगली आहेत तिथे तर हे जास्त लागतं, कारण चांगल्या मुलांनाच त्या दिवशी धावपळ करायची असते आणि त्यांच्या हातात काहीच नसतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या वडिलांना २०१६ च्या उन्हाळ्यात लकवा आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, समज किती राहिली ते डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नव्हतं. बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त, हिशेबाचे पक्के, प्रत्येक एफडीची नोंद निळ्या डायरीत, नॉमिनी म्हणून आईचं नाव सगळीकडे. आम्हाला वाटलं चला, निदान पैशाचा घोर नाही. बँकेत गेलो तर साहेब म्हणाले एफडी त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, त्यांची सही आणा, नॉमिनीचा हक्क ते गेल्यावर. चुकीचं काही बोलले नाहीत ते. पण आईला ते वाक्य असं लागलं की ती बँकेतून घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. त्यांनी आयुष्यभर साठवलेले पैसे, त्यांच्याच औषधाला मिळेनात, पुण्याच्या भावाने पर्सनल लोन काढलं, मी माझा प्लॉट घाईत विकला. पेन्शन तेवढं आईसोबतच्या जॉइंट खात्यात, दोघांपैकी कोणीही काढू शकेल असं होतं म्हणून घर चाललं. बाबा त्यानंतर सहा वर्षं जगले. सहा वर्षं त्या एफड्या मुदत संपली की आपोआप रिन्यू होत राहिल्या आणि ते गेल्यावर तीन महिन्यांत सगळे पैसे आईच्या खात्यात आले. त्या दिवशी आई म्हणाली, आता काय करू याचं?

तेव्हा आम्हीही तेच केलं जे सगळे करतात, सिव्हिल लाइन्समधल्या एका वकिलाकडे गेलो की मुखत्यारपत्र करून द्या, म्हणजे बाबांच्या वतीने आम्हाला सही करता येईल. त्यांनी शांतपणे समजावलं की ज्याला समजत नाही तो मुखत्यारपत्र देऊ शकत नाही, आणि समजा आधी दिलं असतं तरी आज ते उभं राहिलं नसतं, कारण १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याचं मानसिक संतुलन गेलं की मुखत्यारपत्र तिथेच संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी लोक ते करून ठेवतात नेमक्या त्याच दिवशी ते मरतं! काही देशांत असं मुखत्यारपत्र असतं जे माणसाची समज गेल्यावरही टिकतं, आपल्याकडे तसली सोय कायद्याने अजून केलेली नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व असलेल्यांसाठी पालक नेमायला १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे, पण स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा कोमात गेलेल्या बापासाठी घरच्यांना हायकोर्टात रिट करून पालक नेमून घ्यावा लागतो. सांगा मला, डायपर बदलून, रात्रभर जागून, सकाळी कोणत्या बायकोला हायकोर्टाच्या पायऱ्या चढायची ताकद राहते? सरकारने हा कायदा करायलाच पाहिजे आणि ज्येष्ठांच्या संघटनांनी पेन्शनवाढीसाठी जसा आवाज केला तसा यासाठी केला पाहिजे. तोवर आपल्या हातात साध्या गोष्टी आहेत, खाती जॉइंट करणं, एफडीवर दुसरं नाव घालणं, औषधपाण्याचा पैसा असा वेगळा ठेवणं की जोडीदार एकट्याच्या सहीने काढू शकेल. बँकेत अर्ध्या तासाचं काम आहे हो.

आता चावी कमरेला ठेवणाऱ्यांकडे येतो. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं अजिबात नाही. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेती मुला-मुलीला, नातवंडांना बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, वरचे अधिभार वेगळे. इतकं स्वस्त असल्यामुळे रजिस्ट्री ऑफिसात बक्षीसपत्रं पटापट होतात, मुलगा म्हणतो बाबा नंतर कोर्टकचेरी नको, बाबा म्हणतात बरोबर आहे, आणि एका दुपारी सत्तर वर्षांचा माणूस स्वतःच्या घरात पाहुणा होतो. बाप रागावला, पस्तावला, तर परत घेता येतं का? २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायदा आहे, त्याचं कलम २३ सांगतं की सांभाळ करायच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकतं. पण ‘अटीवर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात म्हटलं की अशी अट होती हे दिसलं पाहिजे, नुसतं प्रेमापोटी दिलं आणि नंतर बिघडलं एवढ्याने चालत नाही. जानेवारी २०२५ मध्ये ऊर्मिला दीक्षित प्रकरणात कोर्टाने हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचायचा असं सांगितलं आणि आईला घराचा ताबा परत द्यायला लावला, पण तिथेही मुलाने सांभाळायचं लिहून दिलेलं वचनपत्र होतं म्हणून आई उभी राहू शकली. बक्षीसपत्र २०१९ चं, घर परत मिळायचा आदेश २०२५ चा. मधली वर्षं ती बाई कशी जगली असेल?

म्हणून पहिल्या पार्टीची भीती खरी आहे हे मी मान्य करतो. पण त्यांनी काढलेला उपाय मला पटत नाही. काही सोडायचं नाही, काही सांगायचं नाही, चावी कमरेला, याने नेमकं होतं काय? पुण्यातली नोकरी सोडून नागपूरला परत आलेला पोरगा, जो वरचा मजला स्वतःच्या लोनने बांधतो, त्याला दहा वर्षं माहीतच नसतं की उद्या आपलं काय. तो काही विचारायला गेला तर लालची ठरतो आणि नाही विचारलं तर बायको रोज विचारते. बाप समजतो की मी सत्ता राखून आहे आणि प्रत्यक्षात घरात संशय राखून असतो. आणि लकवा आला की ती चावीही निरुपयोगी, आमच्या बाबांची होती ना कमरेलाच. त्यापेक्षा मधला रस्ता आहे आणि तो कायदेशीर आहे, देता देता स्वतःचा आणि जोडीदाराचा हयातीचा हक्क राखून ठेवता येतो. बक्षीसपत्रात स्पष्ट लिहायचं की आम्ही दोघं मरेपर्यंत या घरात राहू, भाडं आलं तर आम्ही घेऊ, आणि मुलगा आमचं खाणंपिणं, औषधपाणी, शुश्रूषा बघेल या अटीवर हे देतोय. ताबा स्वतःकडे राखलेलं बक्षीसपत्रही चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलंय. तीन ओळी जास्त टाइप कराव्या लागतात, पण आपल्याकडे छापील नमुन्यात नावं भरून सही करायची घाई!

दुसरी पार्टी, विश्वासवाली, तिच्याबद्दल मला जास्त आदर आहे आणि तिच्याशीच माझं खरं भांडण आहे. त्यांचा सगळ्यात जोरदार मुद्दा असा की नात्यात कागद आणला की नातं व्यवहार होतं, आणि बहुतेक घरांत मुलं बघतातच, दोन-चार बातम्यांवरून सगळ्यांना चोर का ठरवता. खरंच आहे, मी स्वतः अशी घरं पाहिली जिथे बाप काही न लिहिता गेला आणि तीन भावंडांनी तेराव्यानंतर चहा पिता पिता सगळं वाटून घेतलं, आवाज सुद्धा चढला नाही. पण ती घरं टिकली याचं श्रेय न लिहिण्याला द्यायचं की त्या भावंडांना? आणि भावंडं चांगली असली तरी त्यांच्या बायका, नवरे, पोरं, कर्जं, या सगळ्यांची हमी त्या बापाने कशी दिली होती? नागपुरात राहणाऱ्या माणसाला तर हे सांगायची गरज पडू नये, आपल्या शहराचा इतिहासच वारस ठरवायचा राहून गेल्याचा आहे. नागपूरचे राजे जानोजी भोसल्यांच्या मनात पुतण्या रघूजीला दत्तक घ्यायचं होतं, विधी व्हायच्या आत १७७२ मध्ये ते गेले आणि मुधोजी आणि साबाजी हे त्यांचे भाऊ एकमेकांवर चालून गेले. १७७५ मध्ये उमरेड रस्त्यावरच्या पाचगावला मुधोजीच्या गोळीने साबाजी पडला. आज आपण त्या गावावरून गाडीने जातो आणि कोणाला आठवतही नाही की इथे भावाने भावाला मारलं होतं. ते दोघं काय संस्कार नसलेल्या घरातले होते?

पुढे ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघूजी गेले, मुलगा नाही, हयातीत दत्तक नाही. इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसी, त्याने ते निमित्त धरलं आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, हत्ती-घोडे, दागदागिने लिलावात निघाले, बांकाबाईंसारख्या वयोवृद्ध राणीने विरोध केला तो कोणी ऐकला नाही. यावर कोणी म्हणेल की डलहौसीला राज्य गिळायचंच होतं, दत्तक असता तरी गिळलं असतं. बरोबर आहे, झाशीचं उदाहरण समोर आहेच, गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी दत्तक घेतला, २१ नोव्हेंबर १८५३ ला ते गेले आणि तो दत्तक इंग्रजांनी मानला नाही. पण मला त्यातून वेगळंच दिसतं. ज्याला तुमचं घ्यायचंय तो फट शोधतोच, आणि सगळ्यात मोठी फट म्हणजे अगदी शेवटच्या दिवशी केलेला कागद. आजच्या कोर्टातही हेच चालतं, १९५९ च्या एका निकालापासून सर्वोच्च न्यायालय सांगत आलंय की मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर तो संशय दूर करायची जबाबदारी ते पुढे करणाऱ्यावर. आयसीयूत घेतलेला अंगठा, एकाच मुलाने आणलेले साक्षीदार, बाकीच्यांना पत्ता नाही, मग मोठी बहीण कोर्टात का जाणार नाही? पासष्टाव्या वर्षी, ठणठणीत असताना, डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडून, आपल्यापेक्षा लहान वयाच्या दोन साक्षीदारांसमोर केलेल्या मृत्युपत्राला सहजासहजी कोणी हात लावू शकत नाही. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो, रजिस्ट्री ऐच्छिक आहे पण करून घ्या, आणि मन बदललं तर नवीन करता येतं.

न लिहिता गेलं तर कायदा स्वतःचं लिहितो, हे लोकांना कळतच नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ चा, दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली त्याच वर्षीचा, आणि तो बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे. त्याप्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखा हिस्सा. म्हणजे दोन मुलगे, एक मुलगी असेल आणि त्याची आई आधीच गेली असेल तर जी बाई चाळीस वर्षं त्या घरात राबली तिच्याकडे स्वतःच्या घराचा चौथा हिस्सा, आणि बाकी तिघांपैकी एकालाही पैसे हवे असले की घर विकायची चर्चा सुरू. मुली हक्कसोडपत्र करून देतात म्हणून चाललंय, आणि ते हक्कसोडपत्र कसं घेतलं जातं, राखीला, साडी देऊन, डोळ्यात पाणी आणून, हे मी सांगायला नको. मुलींचा वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मान्य केला, सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या विनीता शर्मा निकालाने उरलासुरला घोळ मिटवला. बापाला मुलीला द्यायचंय तर त्याने स्वतः लिहावं, नाही द्यायचं तर तेही स्वतःच्या मिळकतीबद्दल स्वतः लिहावं आणि तिला तोंडावर कारण सांगावं. तो बोजा भावाच्या गळ्यात टाकून मरू नये. (मुस्लिम कुटुंबात नियम वेगळे, मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशच देता येतं, त्यामुळे तिथे हयातीतली तयारी अजूनच महत्त्वाची.)

बाईच्या मिळकतीचं तर याहून वाईट आहे. माझी आत्या नागपूरच्या महाल भागात राहायची, शाळेत मास्तरीण, लग्नानंतर काही वर्षांतच नवरा गेला, मूलबाळ नाही. स्वतःच्या पगारातून दोन खोल्यांचं घर घेतलं. शेवटची नऊ वर्षं तिची भाची, म्हणजे माझी चुलत बहीण, तिच्याजवळ राहिली, अंथरुणातलं सगळं केलं. आत्या रोज म्हणायची घर तुझंच आहे गं. लिहिलं मात्र नाही, कारण लिहिणं म्हणजे मरणाला बोलावणं असं तिला वाटायचं. ती गेली आणि कायद्याच्या कलम १५ प्रमाणे घर गेलं नवऱ्याच्या वारसांकडे, दिराच्या मुलांकडे, जे दिवाळीला सुद्धा येत नव्हते. त्यांनी काही लबाडी केली नाही, कायद्याने जे त्यांचं होतं तेच घेतलं, पण माझ्या बहिणीने दोन महिन्यांत तिथून आपलं सामान हलवलं आणि आता ती भाड्याने राहते. विश्वासवाल्यांना मला विचारायचंय, इथे विश्वास कमी होता का? प्रेम कमी होतं का? एक साधा कागद, दोन साक्षीदार, एवढंच कमी होतं.

आणि यातून मी अशा मुद्द्यावर येतो जो बैठकीत काढला असता तर दोन्ही पार्ट्या माझ्यावर तुटून पडल्या असत्या. म्हातारपणात प्रत्यक्ष कोण बघतं? बोलताना आपण ‘मुलगा बघतो’ म्हणतो, बेडपॅन उचलते सून. आणि सासू-सासऱ्यांची वारस सून नसते, विधवा झाली तरच तिला सासऱ्याच्या मिळकतीत वाटा. माझ्या बायकोने बाबांचं सहा वर्षं केलं, ट्यूशन बंद केल्या, कमरेचं दुखणं लावून घेतलं, आणि कागदावर ती कोणीच नव्हती. सगळ्या मुलांना सारखं वाटलं म्हणजे न्याय झाला असं आपण समजतो. मला हे पटत नाही. ज्याने आपली वर्षं दिली त्याला, तिला, वेगळं आणि नावानिशी दिलं पाहिजे, आणि ते दिल्याचं बाकीच्यांना हयातीतच सांगितलं पाहिजे. यावर लोक म्हणतात की मग सेवा म्हणजे मजुरी झाली. बाहेरून अटेंडंट आणला तर देतोच ना पैसे? आमच्याकडे बारा तासांचा माणूस, फिजिओ, डायपर, हवेची गादी, सगळं मिळून महिना २५ हजारांच्या खाली कधी आला नाही. तेच काम घरातल्या बाईने केलं की ते प्रेम, आणि प्रेमाचा हिशेब मांडायचा नाही, हे कोणाच्या सोयीचं आहे?

खर्चाचंही एक बोलतो. हेल्थ इन्शुरन्स आहे म्हणून निर्धास्त असणारे बरेच आहेत, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मानचं पाच लाखांचं कव्हर मिळतंय ही चांगलीच गोष्ट झाली. पण ते मुख्यतः दवाखान्यात भरती असेपर्यंत. डिस्चार्ज मिळून ॲम्ब्युलन्स घराच्या फाटकाशी आली की पुढचं जवळपास सगळं आपलं, आणि पुढचंच सहा वर्षं चालतं. त्यासाठी वेगळा पैसा लागतो, ज्येष्ठांच्या बचत योजनेत आता ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, ज्यांच्याकडे रोकड नाही पण घर आहे त्यांच्यासाठी २००७ च्या बजेटपासून रिव्हर्स मॉर्गेज आहे, घरात राहायचं आणि घरावर बँकेकडून दर महिन्याला पैसे घ्यायचे, दोघंही गेल्यावर वारसांनी कर्ज फेडून घर सोडवायचं. ते आपल्याकडे चाललं नाही कारण घर विकून खाल्लं म्हणतील ही लाज. स्वतःच्या म्हातारपणासाठी स्वतःचं घर वापरण्यात लाज कसली हे मला खरंच समजत नाही.

आमच्याकडे आहेच काय लिहायला, दोन खोल्या आणि एक पासबुक, असं म्हणणारेही भेटतात आणि त्यांचं मला सगळ्यात जास्त वाटतं. थोडं असलेल्यालाच कागद जास्त लागतो, श्रीमंताचा एक प्लॉट दहा वर्षं कोर्टात अडकला तरी तो जेवतो. नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) लीजचा प्लॉट, नझूलची म्हणजे सरकारी जागा, गुंठेवारीतलं घर, आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) अजून आजोबांचं नाव, असं नागपुरात गल्लोगल्ली आहे. ज्याला त्या कागदांचा इतिहास माहीत आहे तो म्हातारा जिवंत आणि शुद्धीवर असेपर्यंतच फेरफार, नामांतरण सोपं. खात्यांना आता, नोव्हेंबर २०२५ पासून, चार नॉमिनी लावता येतात, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सबाबत पुन्हा स्पष्ट केलंय. बँकेच्या ठेवींचंही तसंच, पैसे नॉमिनीच्या हातात येतात आणि वारसांना द्यायची जबाबदारी त्याच्यावर राहते. आणि कायदा आहे की, न्यायाधिकरण आहे की, एसडीओकडे जाऊ, असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की त्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात पोटगीची कमाल मर्यादा महिना १० हजार आहे. वर दिलेला माझा खर्च परत वाचा.

एक पान अजून आहे, दवाखान्याचं. व्हेंटिलेटर लावायचा का, किती दिवस, घरी न्यायचं का, हे सगळं आपण मुलांवर टाकतो आणि मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, जो ‘काढा’ म्हणेल तो आयुष्यभराचा गुन्हेगार. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे शुद्धीत असताना लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, बस. बाबांच्या शेवटच्या दहा दिवसांत आम्ही भाऊ-बहीण जे भांडलो ते भांडण अजून पूर्ण मिटलेलं नाही. बहीण म्हणत होती बाबांना नळ्या नको होत्या, भाऊ म्हणत होता तुला काय माहीत, आणि दोघंही अंदाजच करत होते, कारण बाबांना कोणी विचारलंच नव्हतं.

बैठक संपल्यावर बाहेर चपला घालताना एक काकू म्हणाल्या, हे सगळं ठीक आहे भाऊ, पण घरी सुरुवात कशी करायची, मुलाने विचारलं तर वाटतं वाट बघून राहिला आणि आपण काढलं तर सुनेला वाटतं टोमणा मारला. रास्त शंका आहे. आमच्या घरी मागच्या संक्रांतीला सगळे जमले होते तेव्हा मी आईसमोर माझीच वही उघडली, तिची नाही. माझी खाती कोणती, इन्शुरन्स कुठे, मला लकवा आला तर घरीच ठेवा की शुश्रूषा केंद्रात, नळ्या घालायच्या की नाही, कोण बोलेल माझ्या वतीने, मुलीचं नाव लिहिलं तर मुलगा जरा गप्प झाला, मग त्याच्याशी त्यावर बोललो. आई ऐकत होती. तिळगुळाचा डबा बाजूला सरकवून म्हणाली, माझं पण लिही. मी पेन उघडला, वाटलं दागिन्यांपासून सुरू करेल. ती म्हणाली, मला माझ्याच खोलीत ठेवा, पलंग खिडकीशी लावा म्हणजे लिंबाचं झाड दिसेल, पुसायला-करायला बाई ठेवा, सुनेकडून ते करून घेऊ नका, तिने तुझ्या बाबांचं पुष्कळ केलं. बांगड्या तिच्या. बाकी तुम्ही तिघं बघा, आणि वकील कधी येतो ते सांग म्हणजे मी सही करायची प्रॅक्टिस करून ठेवते.